सावडीचा परवाना

१९ जानेवारी २०२५, रविवार

पाणी आलं आणि गेलं. मामांच्या कांद्याचे वरचे वाफे भिजले, खालचे सगळे कोरडे!

सकाळी ओघ ॲपने मामांचा मोबाईल वाजवला — 'कारभारी आबाजी, आपली पाळी सुरू झाली आहे.' मामा, म्हणजे माझे सासरे, फावडं घेऊन बांधावर उभे, आणि चारी कोरडी ठणठणीत. कालव्याच्या गेटवरून सुटलेलं पाणी आमच्या टेलला, चारीच्या शेवटाला, यायलाच पाळीतला निम्मा वेळ गेला. दारं धरतात न धरतात तोवर मोबाईल परत बोलला — 'आपली पाळी संपली आहे. धन्यवाद.' धन्यवाद कसले डोंबलाचे!

नवरा सुनील म्हणाला, "बाबा, तक्रारीचं बटन हाय त्यात." मामा म्हणाले, "बटन दाबून कांदा भिजतो का?" सासरा-सुनेचं आमचं एरवी फारसं जमत नाही. आज जमलं.

माझ्या जुन्या 'पाणपाळी' प्रोग्राममध्ये असं होत नव्हतं. मी त्यात भरणकाळ धरला होता — कोरडी चारी शेवटच्या शेतापर्यंत भरायला जो वेळ लागतो, तो टेलवाल्याच्या पाळीत जास्तीचा मिळायचा. कॉलेजात पोरांना प्रोग्रामिंग शिकवते, तर गावासाठी एक काम करावं म्हणून लिहिला होता. पहिलं नाव नुसतं 'पाळी' ठेवलं होतं. पाणी वापर संस्थेच्या मीटिंगमध्ये पुरुष मंडळी माना खाली घालून हसली, मग 'पाण' लावलं. संस्थेने चार-पाच वर्षं बिनतक्रार चालवला. दिवाळीनंतर चेअरमन बजरंगभाऊंनी ओघ आणलं. ते रंगीत आहे, बोलतं, आणि बनवणारी कंपनी पुण्याची. माझा पाणपाळी करड्या रंगाचा आणि बनवणारी कारभारीची सून. पिकतं तिथं विकत नाही!

२२ जानेवारी

गूरुवार!

ओघ उघडून सगळी बटणं दाबत बसले होते. एका कोपऱ्यात वारांची यादी. सोमवार, मंगळवार, बुधवार, गूरुवार. ग ला दीर्घ ऊ! ही चूक जगात एकाच बाईने केलेली आहे आणि ती बाई मी. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. आज पुण्याला जाऊन, रंग लावून परत आली तेव्हा दिसली.

मग खोलात शिरले. पानांचा क्रम तोच. गोरक्षचा भागही आहे! गोरक्ष जामखेडच्या बाजूचा, ग्रामपंचायतीत ऑपरेटर. त्याच्या गावात चारी नाही, टँकर येतो. त्याने पाणपाळी नेटवरून उतरवून घेतला आणि टँकर आला की कुणाची भांडी आधी याची चिठ्ठी काढणारा भाग त्यात जोडला. जोडून मला परतही पाठवला. आम्ही दोघं एकमेकांना कधी भेटलेलो नाही. ओघमधली चिठ्ठी अगदी तशीच निघते.

म्हणजे ओघ हा पाणपाळीच. नवं लुगडं नेसवलंय इतकंच. आणि माझं नाव? कुठेच नाही. गोरक्षचंही नाही.

२३ जानेवारी

कंपनीला फोन केला. पार्थ म्हणून कुणी मुलगा, गोड बोलणारा. "मॅडम, ते ओपन सोर्सच होतं ना? नेटवर फ्री होतं."

म्हटलं, फुकट होतं, बेवारशी नव्हतं.

"सॉरी?"

म्हटलं, प्रोग्राम वापरल्याबद्दल तक्रार नाही. बदलल्याबद्दलही नाही. पण बदललेला प्रोग्राम लोकांना देताय, तर बदल दाखवा. टेलचा वेळ कमी कसा झाला ते मला वाचायचंय.

"ते आमचं इंटर्नल लॉजिक आहे मॅडम. ते शेअर नाही करता येत."

माझंच लॉजिक, मला शेअर करता येत नाही! फोन ठेवल्यावर सुचलं — देवळाचं दार उघडं असतं म्हणून घंटा घरी न्यायची का? नेहमी फोन ठेवल्यावरच सुचतं मेलं.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. बजरंगभाऊंनी मामांना पाहून खुर्ची सरकवली. मामा बसले नाहीत, उभे राहिले. टेलची सगळी माणसं उभीच होती. बजरंगभाऊंचं शेत गेटला लागून — त्यामुळे कोण काय बोलतंय ते सांगायला नको. जिलबी आणली होती, तीही टेलवाल्यांनी घेतली नाही. मी घेतली.

१ फेब्रुवारी, शनिवार

नगरला वैजनाथ वकिलांकडे. (बोर्डावर अहिल्यानगर, वकिलांच्या तोंडात नगर, आणि बसच्या कंडक्टरच्या तोंडात दोन्ही.) सुनील दुकान बंद करून बरोबर आला. जळालेल्या पंपांच्या मोटारी भरायच्या पडल्यात, तरी आला.

वकिलांनी एकापाठोपाठ एक विचारलं.

"नोंदणी केलीय?" नाही. "लागत पण नाही. लिहिलंत त्या क्षणी तुमचं झालं."

"कॉलेजचं काम म्हणून लिहिलंत?" रविवारी, घरी, ओट्यावर लॅपटॉप ठेवून. "मग कॉलेजचा संबंध नाही. असता तर मालक कॉलेज ठरलं असतं."

"परवाना कुठला लावलात?"

इथे मी जरा घुटमळले. मग कागद काढून दिला. त्यावर माझं आहे तेवढंच —

'हा प्रोग्राम सावडीने दिला आहे. वापरा, वाचा, बदला, पुढे द्या. बदलून पुढे दिलात तर तुमचे बदलही याच सावडीने उघडे ठेवायचे. कृपया आमची नावं काढू नका. जसा आहे तसा घ्या, हमी नाही. सावड मोडलीत तर परवानगी संपली.'

वकिलांनी चष्मा काढला. "हे कुणी लिहिलं?"

मी.

"ताई, जगात तयार परवाने पडलेत. मोठमोठ्या वकिलांनी घासूनपुसून ठेवलेले. आणि तुम्ही घरी शिवलात!"

सुनील हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, थांबला.

मग वकील बोटाने एकेक शब्द दाबत वाचायला लागले आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. 'तर' या शब्दावर थांबले. म्हणाले, "हा 'तर' चांगलाय. बदलून दिलात तर. मोडलीत तर. ही अट झाली. अट पाळली नाही की परवानगी नाही, आणि परवानगी नाही की सरळ हक्कभंग." मग 'कृपया'वर आले. "आणि हे काय? लग्नाची पत्रिका आहे का? कृपया म्हटलं की विनंती झाली. विनंती कुणी मोडली तर कोर्ट काय करणार?"

म्हटलं, म्हणजे नाव गेलं?

"नाही. लेखकाचं नाव लावायचा हक्क कायद्यानेच दिलाय, तुम्ही मागा न मागा. तुमच्या शिष्टाचारातून तुम्हाला कायद्याने वाचवलं."

शेवटचा प्रश्न — हिशेब कंपनीच्या पुण्यातल्या मशिनवर होतो आणि मोबाईलवर नुसतं उत्तर येतं, की हिशेबच मोबाईलमध्ये? मी म्हटलं, मोबाईलमध्येच. टेलला रेंज नाही. रेंज नसतानाही ओघ चालतं, मी करून पाहिलंय. वकिलांनी टेबलावर हात मारला. "म्हणजे प्रत दिली! स्वतःच्या मशिनवर ठेवून बदलत बसले असते तर तुमच्या कागदानं काही करता आलं नसतं. 'पुढे दिलात' असं लिहिलंय तुम्ही. प्रत हातात दिली, तिथं अट लागू."

आयुष्यात पहिल्यांदा रेंज नसल्याचा फायदा झाला. दावा नगरलाच लावता येतो, लेखक राहतो तिथे. पुण्याला जायला नको. येताना सुनीलने रसवंतीवर थांबवलं. "कृपया रस घ्या," म्हणाला. गाढव!

२ फेब्रुवारी

रात्रभर त्या 'घरी शिवलात'वर जळफळले. घरी शिवलेलं म्हणजे वाईट असतं का?

इंग्रजी परवाना लावता आला असता, शिकवते की मी ते. पण मला वाटलं, संस्थेतल्या माणसांना वाचता आला पाहिजे. त्यांना 'मुक्त परवाना' सांगून पाहिलं तर विचारायचे, "म्हंजे फुकट ना?" मग सावड म्हटलं आणि एका शब्दात कळलं. माझा एक बैल, तुझा एक बैल, मिळून औत. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. घेतलं त्याने द्यायचं, आणि घेतलं त्याच पद्धतीने द्यायचं. आता बैल राहिले नाहीत. शब्द राहिलाय. खुरपणीला बाया अजून सावडीने जातात.

यापेक्षा सरळ कुठल्या वकिलाने लिहून दाखवावं!

५ फेब्रुवारी

नोटीस गेली.

२० फेब्रुवारी, गुरुवार (ऱ्हस्व!)

कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं. वैजनाथ वकिलांनी फोनवर वाचून दाखवलं, मध्ये मध्ये हसू येऊन खोकत होते.

त्यांनी सावड या शब्दाचं इंग्रजी भाषांतर करून घेतलंय. कुणाकडून घेतलं देव जाणे. 'सावड — अंत्यसंस्कारानंतर प्रेताची राख व हाडे गोळा करण्याचा विधी.' तिसऱ्या दिवशी राख सावडतात ना, ते! आणि पुढे म्हणतात — सदर प्रोग्राम राख गोळा करण्याच्या विधीने दिला आहे, या वाक्याला कोणताही कायदेशीर अर्थ नाही. सबब परवाना निरर्थक. सबब आमच्या अशिलावर कुठलीही अट बंधनकारक नाही.

मी आधी हसले, मग चिडले, मग घाबरले. खरंच निरर्थक ठरला तर?

वकील म्हणाले, "ताई, त्यांनी आपल्या हातात सोनं दिलंय. ते म्हणतात परवाना निरर्थक. बरं. मान्य. मग प्रोग्राम घेतला कुठल्या परवानगीने?"

मला लगेच कळेना.

"अहो, प्रोग्राम तुमचा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुणालाच नक्कल करता येत नाही. तुमचा हो कुठे लिहिलाय? त्याच कागदावर. कागद खरा मानला तर अट पाळा, बदल उघडे करा. कागद खोटा मानला तर परवानगीच नाही, सगळं ॲप बंद करा. दोनच वाटा. तिसरी वाट — अट खोटी पण परवानगी खरी — ती नाही."

फोन ठेवला आणि वर्गात गेले. आजचा धडा वेगळाच होता, पण मी फळ्यावर दोन वाटाच काढल्या. पोरांना काही कळलं नाही, मला मात्र फार बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

वकिलांनी सावड म्हणजे काय ते गावच्या जाणत्यांकडून विचारून आणायला सांगितलंय. आज ओसरीवर मामा आणि शेजारच्या लंकाबाई. मी चहा ठेवला आणि प्रश्न टाकला. चूक केली.

मामा : "बैलाला बैल. मानसाला मानूस."

लंकाबाई : "आन् बैल न्हाई त्यानं?"

मामा : "त्यानं रोजगारी लावून द्यायचा."

"मंग ती सावड कसली? ती मजुरी झाली! बायांची सावड येगळी असती. एक दिवस तुझा, एक माझा. पैशाचं नाव काढायचं न्हाई."

"बायांची सावड! निम्मा येळ तंबाकू मळन्यात जातोय."

"तुमच्या बैलापरीस बरी. तुमचा तो तांबडा बैल औत सोडून घरी पळायचा, आठवतंय का?"

तांबड्या बैलावरून तासभर. मामांनी शपथा घेतल्या की तो पळायचा नाही, त्याला घरची ओढ होती. शेवटी दोघांचं एकमत फक्त एकाच गोष्टीवर — ज्याने सावड बुडवली, त्याला परत सावडीत घेत नाहीत. लंकाबाई म्हणाल्या, "त्याला कोन घेतंय वो? त्याच्या बांधावरनं गेलं तरी बोलत न्हाईत." मी तेवढंच लिहून घेतलं. तांबडा बैल वगळला.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपवास. दुसरी नोटीस गेली — दोन वाटांची.

८ मार्च, शनिवार

कॉलेजात महिला दिन. प्रत्येक बाईला एक गुलाब आणि प्राचार्यांचं भाषण. घरी आले तर ओसरीवर पार्थ! पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः आलेला. पोरगा चांगला आहे, मामांच्या पाया पडला.

म्हणाला, कंपनीला वाद नकोय. पाणपाळीची पूर्ण मालकी आमच्या नावावर करून द्या. तुमचं नाव ॲपमध्ये येईल, सल्लागार म्हणून. आणि — इथे त्याने आवाज उतरवला — "तुमच्या टेलला आम्ही मॅन्युअली एक्स्ट्रा तास लावून देतो मॅडम. उन्हाळी आवर्तनापासूनच."

म्हणजे हाताने लावता येतात! कुणाला लावता येतात?

"आम्हाला. आणि तुमच्या चेअरमनना. त्यांच्याकडे ॲडमिन आहे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. बजरंगभाऊंचं नाव कुणी घेतलं नाही, पण ओसरीवर ते येऊन बसल्यासारखंच झालं.

आतला हिशेब मात्र दाखवणार नाही. तास देतील, कारण देणार नाहीत.

पार्थ गेल्यावर मामा म्हणाले, "दे की मंग."

म्हटलं, मामा, सावडीत दिलेलं आहे ते. सगळ्यांचं आहे.

"सगळ्यांचं आसू दे. कांदा माझा हाय. सावड काय भाकरीसंगं खायाचीय?"

कांदा खरंच त्यांचा आहे.

९ मार्च

वकिलांना विचारलं. म्हणाले, "तुमची मालकी तुम्ही विकू शकता. जे आधीच दिलंय ते परत घेता येणार नाही, जुनी प्रत लोकांकडे मोकळीच राहील. पण गोरक्षचा भाग गोरक्षचा. त्याची सही लागेल. त्याने तुम्हाला तुकडा पाठवला म्हणजे मालकी नाही पाठवली."

मनात म्हटलं, गोरक्षला काय, सांगितलं की करेल सही. मला मॅडम म्हणतो.

१० मार्च

गोरक्षला फोन. त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून लांब जाऊन बोलला.

"मॅडम, तुमचं टेल भिजंल. आमच्याकडं तर चारीच नाय."

म्हटलं, तुझी टँकरची चिठ्ठी कुठे जात नाही, जुनी प्रत मोकळीच राहते.

"राहील की. पन मोबाईल बदलत्यात मॅडम. दोन वर्षांत जुनी चालायची नाय. नवी त्यांच्याकडं, कुलपात. मंग आमीच लिव्हलेली चिठ्ठी आमीच त्यांच्याकडं मागायची व्हय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमी सावड लिव्हलं व्हतं म्हनून मी माझं परत धाडलं. नायतर मला काय गरज व्हती? निम्मं गाव ऊसतोडीला गेल्यालं असतंय, घरी म्हातारी मानसं. चिठ्ठी बंद पडली तर टँकरवर हानामारी व्हती. मी सही करनार नाय. राग मानू नका."

राग मानला. भरपूर मानला. कोण कुठला पोरगा, न पाहिलेला, माझ्या सासऱ्याचा कांदा अडवतोय!

रात्री राग उतरला. खरं सांगायचं तर मी फारशी तत्त्वाची बाई नाही. त्याने सही केली असती तर मीही केली असती. उद्या लोक म्हणतील, मॅडमनी नाही म्हटलं कंपनीला. नाही म्हटलं ते गोरक्षने. मी फक्त फोन केला होता. हे बाहेर कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

१२ मार्च

पार्थला 'नाही' म्हणून कळवलं. मामांना सांगितलं. त्यांनी फक्त टोपी सारखी केली आणि बाहेर गेले. जेवायला आले नाहीत. सुनील डबा घेऊन शेतात गेला.

१५ मार्च

मामा माझ्याशी बोलत नाहीत. पाणी हवं असेल तर सुनीलला सांगतात, "तिला म्हनाव, पानी." मी समोरच उभी असते.

२१ मार्च

खालच्या वाफ्यांतला कांदा काढला. लिंबाएवढा. मामा एकेक हातात घेऊन पाहत होते आणि परत टाकत होते. मी मदतीला गेले तर म्हणाले नाहीत जा, म्हणाले नाहीत ये. आता उरलाय तो जनावरांचा घास आणि ऊस, तो उन्हाळी पाण्यावर.

फार वाईट वाटलं. त्या पेढ्यांच्या पुड्यातला एक पेढा मीही खाल्ला होता, तेही आठवलं.

३० मार्च, पाडवा

मारुतीच्या पारावर पंचांगवाचन. मामा गेले नाहीत, बजरंगभाऊ असतात म्हणून. आजवर कधी चुकवलं नव्हतं. गुढीला लावलेली साखरगाठी भाऊंच्या नातवाला द्यायची दरवर्षीची पद्धत, ती आमच्या खुंटीवरच राहिली. नातू दारातून दोनदा बघून गेला.

४ एप्रिल, शुक्रवार

कंपनी वाकली!

वैजनाथ वकिलांचा फोन. कंपनीला दुसऱ्या एका जिल्ह्याचं मोठं काम मिळतंय. त्याच्या कागदात लिहून द्यावं लागतं की प्रोग्राम निर्वेध आमचा आहे, कोर्टात वाद नाही. आमच्या दोन वाटांपुढे ते त्यांना लिहिता येईना. त्यांनी पहिली वाट घेतली. ओघ सगळा उघडा करणार, सावडीनेच. माझं आणि गोरक्षचं नाव लागणार.

तडजोडीच्या कागदात सावडीची व्याख्या घातलीय, म्हणजे परत कुणी राख सावडायला नको. 'ज्या मोकळिकीने घेतले त्याच मोकळिकीने पुढे देणे.' वकिलांनी केली. चांगली आहे. पण मी म्हटलं नाही तसं. त्यांनी घरी शिवलात म्हटलं होतं.

गोरक्षला कळवलं. नुसतं "लई भारी मॅडम" आलं.

सुनीलने मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "मंग आता कळंल म्हनावं बज्यानं काय केलं ते."

१३ एप्रिल, रविवार

उन्हाळी आवर्तन येत्या आठवड्यात सुटणार. टेलची माणसं येऊन जाऊन विचारतायत — आलं का? सापडलं का? संस्थेची सभा लावलीय. भाऊंना चेअरमनपदावरून उतरवायचा ठराव तयार आहे म्हणे. मी काय ते वाचून सांगायचं आणि मग ठराव.

आज बजरंगभाऊ रस्त्यात भेटले. थांबले. "राजेश्वरीबाई, मी कशाला हात लावल्याला न्हाई. मला ते ॲडमिन का काय उघडतासुदीक येत न्हाई." मी म्हटलं, कळेल आता. जरा तोऱ्यातच म्हटलं.

१६ एप्रिल

आला. सगळा आला. कॉलेजला रजा टाकली आणि सकाळपासून वाचतेय.

भरणकाळाची ओळ पहिल्यांदा शोधली. आहे. जशीच्या तशी आहे! मी लिहिली तशी, एक अक्षर बदललेलं नाही. चारी जितकी लांब, तितका वेळ जास्त. परत वाचली. मग खालपासून वर वाचली. तरी तीच.

चेअरमनने हाताने बदल केला की त्याची नोंद पडते, तीही कंपनीने आमच्या संस्थेपुरती पाठवलीय. सगळी कोरी. बजरंगभाऊंनी खरंच हात लावलेला नाही.

मग टेलचं पाणी गेलं कुठे?

बदल एकच सापडला. मी आणि सुनीलने चारीच्या कडेने टेप धरून प्रत्येक शेताचं गेटपासूनचं अंतर मोजलं होतं. कंपनीची गावं पुष्कळ, त्यांनी मोजलं नाही. शेतकऱ्याला फोन करून विचारलं, 'आपलं शेत गेटपासून किती लांब आहे?' तो सांगेल ते अंतर धरलं, आणि त्यावरूनच भरणकाळ. यात चोरी कुठेय? ज्याचं शेत त्यालाच विचारलं. मीही असते तर हेच केलं असतं.

मामा अजून बोलत नाहीत. तरी उद्या विचारावं लागणार.

१७ एप्रिल

विचारलं. दिवाळीनंतर कंपनीचा फोन आला होता ना मामा, शेत किती लांब म्हणून? तुम्ही काय सांगितलंत?

"काय सांगनार? म्हनलं, हे काय, हाकेवर तर हाय."

टेलच्या सगळ्या घरी जाऊन आले. सगळ्यांचं तेच. हाकेवर. इथंच. ह्या वळणाच्या पलीकडं.

परत येऊन विचारलं, मामा, असं का सांगितलंत?

"लांब म्हनलं की कोन येतंय का इकडं? वायरमन येत न्हाई, जनावराचा डाक्टर येत न्हाई." मग महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "सोयरीक जुळवताना तुझ्या बापालाबी हाकेवरच सांगितलं हुतं."